डावीकडे ओढणारा माणक्या

आमचे शेजारी बापूराव गाडी पाण्यात घालण्यापूर्वी चपला काढतात. त्या काठावर जोडीने ठेवतात, पूर्णामाईला हात जोडतात आणि मग सहा चाकांनिशी येलदरी धरणाच्या जलाशयात शिरतात.

ही गाडी जमिनीवर चालते आणि पाण्यात तरंगते. अशा वृत्तीच्या प्राण्यास उभयचर म्हणतात. आमच्या गावात तिला ‘बापूरावाचं बेडूक’ म्हणतात. गाडी परदेशी बनावटीची आणि पुष्कळ जुनी. भंगारवाल्याच्या आवारात तिच्यात एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. बापूरावांनी गाडी कोंबडीसह आणली. बसलेल्याला उठवू नये, असे त्यांचे मत आहे.

प्रयोजन एकच. त्यांची थोरली बहीण जनाअक्का पैलतीरी दिलेली. धरण होण्यापूर्वी त्या माहेरच्या बैलगाडीने नदी ओलांडून येत. सासरच्या अंगणात बसत आणि माहेरच्या अंगणात उतरत. आता अक्कांनी ऐंशी ओलांडली आहे, दृष्टी गेली आहे, गुडघे थकले आहेत. नावेत चढायचे तर चिखलात उतरावे लागते, आणि ते त्यांना अशक्य. मी मोटारीने वळसा घालून आणण्याचे सुचवले.

“गुरुजी, मोटारीनं पाव्हणे येतात. अक्का गाडीवाटेनंच येणार. दिवाळीच्या आत आणायलोय बघा. औंदा न्हाई आणली तर...” बापूराव म्हणाले आणि गाडी पुसू लागले.

गाडीला मोटारीसारखे सुकाणूचे चाक नाही. दोन दांडे आहेत. डावा ओढला की डावी चाके थबकतात, उजवा ओढला की उजवी. पहिले आठ दिवस बापूरावांनी अंगणातील तुळशीला अखंड उलट्या प्रदक्षिणा घातल्या. तसा हेतू नव्हता. नवव्या दिवशी त्यांना उमगले की हे दांडे नव्हेत, कासरे आहेत. डाव्यास ते माणक्या म्हणू लागले, उजव्यास शेलार. ही नावे कोठून काढली, हे मी विचारले नाही.

गाडी मात्र सदैव डावीकडे ओढे. मिस्त्री म्हणाला, “डाव्या बाजूचा ब्रेक घासायलाय. नीट करून देतो.”

“हात लावू नगंस,” बापूराव म्हणाले. “माणक्याचा सोभावच हाय तो.”

जलप्रवेशापूर्वीची पूजा मी सांगितली. अभिषेकाचे पाणी निघून जावे म्हणून बापूरावांनी गाडीच्या तळाचे बूच काढून तबकात ठेवले. मी त्यावर अक्षता वाहिल्या. निघताना अडचण ध्यानात आली.

“गुरुजी, बूच उचलू का?”

“पूजेत मांडले गेले. उद्या सकाळच्या उत्तरपूजेआधी हलवता येणार नाही.”

“मग भोकाचं कसं?”

आम्ही दोघांनी शांतपणे विचार केला आणि भोकात नारळाची शेंडी कोंबली.

ती तीस हात टिकली. पाणी घोट्यांना लागले, पोटऱ्यांना लागले, माझ्या सोवळ्याला लागले. मी स्नानाचा संकल्प म्हटला. अन्य उपयुक्त काही स्मरेना. मासेमारांनी दोर लावून आम्हांस ओढून काढले.

“काय हो बापूराव, बेडूक बुडतं व्हय?”

“बुडलं न्हाई. पाणी पेलं त्यानं.”

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, बूच तीनदा तपासून, आम्ही पाणी ओलांडले आणि थेट अक्कांच्या अंगणात गेलो. घरच्यांनी त्यांना उचलून पुढच्या आसनावर गोधडीत बसवले. मी मागे बसलो. परतीला पाणी लागताच त्यांनी बोटे बुडवली. मध्यावर गाडी डावीकडे ओढू लागली.

“हं, माणक्या!” बापूराव सवयीने म्हणाले.

अक्कांनी चेहरा वर केला.

“अजून तिकडंच वढायलाय व्हय रे मेला? बाभळीच्या शेंगा लागल्या असतील बापू.”

बाभळी केव्हाच धरणात बुडालेल्या; डावीकडे दूरवर पाणीच होते.

“खाऊ दी त्याला थोडं,” अक्का म्हणाल्या. “मला काई घाई न्हाई.”

बापूरावांनी दोन्ही दांडे सोडले आणि इंजिन बंद केले.