मायनस बहात्तर तास

अरे थांबा, चहा नंतर सांगा, आधी ऐका! आपल्या मच्छिंद्रला सोमवारी मोंढ्याच्या बाजारात तुरीचं पोतं उचलताना विंचू चावला. मी त्याला गाडीवर मधी बसवलं, मागून त्याच्या बायकोनं, सुरेखावहिनीनं धरलं, अन् सुसाट दवाखान्यात. घामानं चिंब झाल्ता, दातावर दात वाजून राह्यले.

दारात वॉचमन तातेराव. हात आडवा.

"उंबरा ओलांडू नका! संशोधन चालू हे."

"कशाचं?"

"पेशंट दारातून आत आल्यापासून सुई टोचेपर्यंत किती वेळ लागतो त्याचं. पाय आत पडला की घड्याळ सुरू."

"मंग करा की सुरू, जल्दी!"

"कसं करू? आत तयारी न्हाई. काल एक म्हातारी न विचारता घुसली, सरासरी चाळीस मिनिटावर गेली. मॅडम जेवल्या न्हाईत."

तेवढ्यात फरहाना मॅडमच बाहेर आल्या. डॉक्टर. गळ्यात घड्याळ, बोलणं लई गोड. बीपी बाहेर, नाडी बाहेर, संमतीपत्रावर वहिनीची सही बाहेर.

"मॅडम, औषध द्या ना!"

"देणार ना. बिलकुल देणार. आत. आधी एकदा रंगीत तालीम करू."

तातेराव स्ट्रेचरवर आडवा झाला. दोघांनी ढकललं. चाक उंबऱ्यात अडकलं. नुसता उंबरा ओलांडायला एकोणीस सेकंद!

"न्हाई चालणार," मॅडम म्हणल्या. "मागच्या महिन्यात अकरा होते. चाकाला तेल आणा."

इकडं मच्छिंद्रचे डोळे पांढरे व्हायला लागले. कांताबाई सिस्टर बघून राहिल्या होत्या. एकदम उसळल्या, "चुलीत घाला तुमचं घड्याळ!" अन् तिथंच पायरीवर दिली सुई खुपसून.

मॅडमचा चेहरा पडला. मंग त्यांनी घड्याळ बघितलं, बोटांवर हिशोब केला, अन् ओरडल्याच!

"थांबा! सुई आधी, दार नंतर! म्हणजे वेळ मायनसमधे गेला! जगात कुठंच न्हाई असं!"

कांताबाईला मिठी मारली राव! वॉर्डबॉय मच्छिंद्रला आत न्यायला वाकले, तर मॅडम आडव्या. "उचलू नका! जितका उशिरा आत जाईल तितका आकडा चांगला."

मंग लिंबाखाली खाट टाकली. सलाईन फांदीला. वहिनी म्हणाली, "आत घेत न्हाई तर घरी नेऊ का?"

"घरी? अहो ताई, मंग दार ओलांडलंच न्हाई असं होईल. आमचा पेशंट अर्धवट राहील."

आज मायनस बहात्तर तास झाले! उद्या समारंभ हे. दाराला फीत, वर फुलं, बँड, अन् मच्छिंद्रला वाजत गाजत आत नेणार. मॅडमनं मला सांगितलं, टाळ्यांना पोरं आणा. येता का?

"येतो की!" बाकड्यावरचा नजीर म्हणाला. "नाश्ता हे का?"

"हे. पोहे."

"फोटो पेपरात येईल का?" बबलू. "मंग मी पांढरा शर्ट घालतो."

या, सगळे या. बराबर नवाला. पण एक सांगा. कवाचे पोट धरून हसून राह्यले तुम्ही, एकानं तरी विचारलं का, मच्छिंद्र कसाय?