नलूच्या वाट्या

ये गं, अशी जवळ बस. पाव्हण्यासारखी दारात काय उभी राहतेस? आणि आल्याआल्या हे काय, "मावशी, कंपनीच्या पाकिटांपुढे तुमचा मसाला खपत नाही म्हणे!" म्हणतेस? नलूने ऐकलं असतं तर तुझी तिथल्या तिथे उलटतपासणी झाली असती. "कुणी सांगितलं? त्याने स्वतः बघितलं, का त्यालाही कुणी सांगितलं?"

नलू म्हणजे आमची शेजारीण. इथे दिंडोशीत आमच्या दाराला लागून तिचं दार. एकटीच असते. नोकरी सर्व्हेची. घरोघर कड्या वाजवायच्या आणि बायकांना विचारायचं, साबण कुठला, चहा कुठला. स्वतः जाऊन विचारलेलं ते प्रायमरी, दुसऱ्याने गोळा करून छापलेलं ते सेकंडरी. या दोन डब्यांत तिने सगळं जग भरून ठेवलंय. कुणी म्हटलं, आज पाणी येणार नाही, की निघाली वॉचमनकडे खात्री करायला. एकदा तळमजल्यावरचे आजोबा गेल्याची बातमी आली. आम्ही डोळ्याला पदर लावला, ही तरातरा खाली गेली. आजोबा बशीतून चहा पीत होते! वर येऊन म्हणते कशी, "सेकंडरीवर मी रडत नाही."

ह्यांची मिल बंद पडली ती पडलीच. माझ्या हाताला मालवणी मसाला जमतो, तेवढाच काय तो आधार. पण मिरच्या भरायच्या तर पाटल्या मोडायला हव्यात. तेवढ्यात धाकटे भाऊजी मासिकाचं कात्रण घेऊन हजर. "वहिनी, छापून आलंय. बायका आता पाकिटंच घेतात. पाटल्या बुडतील." मी ते कात्रण नेऊन नलूपुढे धरलं.

नलूने कात्रण नीट वाचलं. "सेकंडरी वाईट नसतं गं, आधी तेच वाचावं. पण ही पाहणी दिल्लीची आहे. तिथल्या बाईला बांगड्याचं तिखलं कुणी विचारलं होतं?" घरात गेली आणि टोपलीभर स्टीलच्या वाट्या घेऊन आली. "भर मसाला. कॉलनीत वाटून येते."

"नुसतं विचार ना, घ्याल का म्हणून."

"तोंडावर सगळ्याच झकास म्हणतात. वाटी खोटं बोलत नाही."

आपल्यात शेजारणीची वाटी कुणी रिकामी परत करत नाही, ठाऊक आहे ना? नलूचं गणित त्यावरच. वाटीत साखर आली, तर मसाला पडून आहे, बाईने नुसती रीत पाळली. कालवण आलं, तर आपण जिंकलो.

रविवारी मी नलूकडेच जाऊन बसले. पहिली वाटी आली. साखर. दुसरी आली. पुन्हा साखरच.

"वाट लागली," मी म्हटलं.

"गप गं. सगळ्या येऊ देत, मग रड."

परत कडी वाजली आणि बाईच्या आधी वासच घरात शिरला. कोलंबीचं कालवण! मग काळ्या वाटाण्याची उसळ, मग सुकं मटण, मग बोंबील. एकीने तर चक्क रिकामी वाटी पुढे केली. "लाज वाटते हो, पण आणखी भरून द्या ना. पैसे घ्या." नलू टाळ्या पिटत ओरडली, "ह्याच्यापेक्षा प्रायमरी काही नाही!"

सोमवारी मी पाटल्या मोडल्या. आज मिरच्या वाळवायला गच्ची पुरत नाही. आणि दर महिन्याला किलोभर मसाला कोण नेतं? कात्रणवाले भाऊजी!

पण त्या रविवारी एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. वाट्यांवर नाव नलूचं कोरलेलं, त्यामुळे झाडून सगळ्या तिच्याच दारात येत होत्या. मी म्हटलं, "माझ्या नेल्या असत्यास तर तुला एवढी उठबस पडली नसती."

ती वाट्या ओळीने मांडत होती. मान वर न करता म्हणाली, "इतकी वर्षं मी लोकांच्या कड्या वाजवल्या गं. माझी कुणी वाजवली होती?" तेवढ्यात कडी वाजली, आणि ही बाई पदर सावरत पोरीसारखी धावली.

अजूनही रविवारी सगळ्या मजल्याची दारं उघडी असतात, नलू मात्र मुद्दाम आतून कडी लावून बसते.

आज ती ड्युटीवर आहे, म्हणून एवढं बोलले. पण माझं सांगणं म्हणजे तुला सेकंडरीच. तेव्हा लवकर ये, रविवारीच ये. आधी तिची कडी वाजव. आणि हे बघ, ही तिची वाटी घेऊन जा. येताना रिकामी आणू नकोस.