एकोणीस रबरी मासोळ्या आणि एक गळ

जगात एकट्यादुकट्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. रिकाम्या हॉटेलात माणूस शिरत नाही, आणि जिथे वीस जण बाहेर ताटकळत उभे आहेत तिथे एकविसावा म्हणून उभं राहताना त्याचं निम्मं पोट भरतं. दवाखान्यातही तेच. बाकावर जागा नसली की डॉक्टर हुशार असणार, हे आपण तब्येत दाखवण्याआधीच ठरवून टाकतो. आता हा नियम माणसाला लागू आहे तर माशाला का नसावा, असा प्रश्न आमच्या गळप्रेमी मंडळाने सहा वर्षांपूर्वी जगापुढे ठेवला. जगाने अद्याप उत्तर दिलेलं नाही. (स्मरणपत्राचा मसुदा तयार आहे.)

मी या मंडळाच्या प्रयोग समितीचा चिटणीस. मंडळाचे सभासद एकूण सात. (पैकी दोघे दिवंगत आहेत, पण हजेरीपटावर त्यांची कामगिरी इतरांपेक्षा सरस आहे.) अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य, त्यांना सगळे डॉक्टरच म्हणतात. माशाच्या तोंडातून गळ अलगद काढायला सरावलेला हात हवा, म्हणून त्यांची बिनविरोध निवड झाली. सहा वर्षांत त्यांच्यावर तशी वेळ एकदाही आली नाही, तरी दर रविवारी सकाळी ते चिमटा उकळून आणतात. माणसाने आशा कशी ठेवावी, हे त्यांच्याकडून शिकावं.

आमच्या तलावात बास नावाचा मासा आहे. तोंड मोठं, डोकं गरम, आणि भूक नसतानाही दुसऱ्याच्या तोंडचं पळवण्याची सवय. (ऑफिसात काम केलेल्या कोणालाही तो लगेच ओळखता येईल.) त्याला पकडायला मऊ रबराची मासोळी वापरतात. पाण्यातून ओढली की तिची शेपटी वळवळते आणि बासला वाटतं, खरंच कोणीतरी चाललंय. ही मासोळी काकडीच्या रंगाची मिळते, गढूळ पाण्याच्या रंगाची मिळते, आणि लसणाच्या वासाचीही मिळते. लसणाचा वास माशांना फार आवडतो असं पाकिटावर लिहिलेलं असतं. पाकीट मासा वाचत नाही, विकत घेणारा वाचतो, हे कंपनीने ओळखलं आहे.

समितीचा विचार सरळ होता. एक मासोळी एका बासला फसवत असेल तर पाच मासोळ्या त्याची खात्रीच पटवतील. म्हणून आम्ही तारेचा एक सांगाडा बनवला. कापड उडालेल्या छत्रीसारखा तो दिसतो, आणि प्रत्येक काडीच्या टोकाला एक मासोळी लोंबते. अडचण एवढीच की तलाव कार्यालयाचा नियम कडक आहे: एका दोरीला एकच गळ. म्हणजे पाच मासोळ्यांपैकी चार नुसत्या शोभेच्या, आणि गळ फक्त पाचवीत. या नियमाने आम्ही खचलो नाही. कुठल्याही संस्थेत कामाचं माणूस आणि शोभेची माणसं यांचं प्रमाण हेच असतं, असं डॉक्टरांनी दाखवून दिलं आणि ठराव मंजूर झाला.

त्यानंतरची आकडेवारी अभ्यासकांसाठी थोडक्यात देतो. एक मासोळी: अकरा रविवार, शून्य मासे. तीन मासोळ्या: चौदा रविवार, शून्य मासे. पाच मासोळ्या: वीस रविवार, शून्य मासे आणि एक चप्पल (डाव्या पायाची). सात आणि नऊ यांचे निकालही याच दिशेने गेले. काही लोक याला अपयश म्हणतात. पण काठावरच्या आमच्या शेडच्या भिंतीवर लावलेला आलेख त्यांनी एकदा बघावा. सहा वर्षांत तो एकदाही खाली गेलेला नाही.

मध्यंतरी उन्हाळ्यात एक प्रकार घडला. वेगवेगळ्या कंपन्यांच्या रबरी मासोळ्या एकत्र ठेवू नयेत, त्या एकमेकींना वितळवतात, ही गोष्ट आम्हाला माहीत नव्हती. मी बारा मासोळ्या बायकोच्या स्टीलच्या डब्यात ठेवल्या. दुपारी तिने डबा उघडला तेव्हा आत एकच प्राणी होता आणि त्याला बारा शेपट्या होत्या.

"अहो," ती म्हणाली, "हे काय आहे ते मला सांगू नका. डबा मात्र नवीन आणा."

तो प्राणीही आम्ही पाण्यात टाकून पाहिला. निकाल: शून्य. एकजुटीचे फायदे अतिशयोक्त असतात, अशी टिपणी मी इतिवृत्तात केली.

मग प्रश्न आला, गळ नेमका कोणत्या मासोळीत बसवायचा. डॉक्टर म्हणाले, मधल्या; पुढारी तिथेच असतो. खजिनदार म्हणाले, सगळ्यात मागे रेंगाळणाऱ्या. शिकार नेहमी तिचीच होते. दोन्ही बाजू इतक्या अभ्यासपूर्ण होत्या की मतदान घेणं असभ्य वाटलं. त्रिसदस्यीय उपसमिती नेमली. तिचा अहवाल येईपर्यंत गळ सीलबंद पाकिटात चिटणिसाच्या ताब्यात राहील असं ठरलं, आणि मी तो जिवापाड सांभाळला. प्रयोग अर्थातच थांबवले नाहीत.

इथे माझ्या साडूची ओळख करून द्यायला हवी. तो लिफ्ट दुरुस्त करतो, कमी बोलतो, आणि रविवारी तलावाच्या दुसऱ्या टोकाला एक काठी, एक गळ आणि एक गांडूळ घेऊन बसतो. मंडळाचा सभासद नाही. त्याला मासे मिळतात. सासूबाई हे मला दर आठवड्याला सांगतात. "धाकट्या जावयांनी काल पुन्हा आणला हो, एवढा मोठा," असं म्हणून त्या हात पसरतात, आणि मग माझ्याकडे बघून हात हळूहळू जवळ आणतात. त्यांच्या त्या हात जवळ आणण्यात जी दया असते, ती शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. साडूच्या पद्धतीला शास्त्रीय आधार नाही, हे मी त्यांना तीनदा समजावलं आहे.

अशा सुरळीत चाललेल्या कामात यंदा तलाव कार्यालयाचं पत्र आलं. काठावरची आमची पत्र्याची शेड पायाने चालवायच्या होड्यांसाठी हवी होती. मंडळाने हंगामाच्या शेवटच्या रविवारी दुपारी बारापर्यंत, निरीक्षकांसमोर, सभासदाने पकडलेला एक तरी मासा दाखवावा, अन्यथा शेड रिकामी करावी.

खरं सांगतो, माशाचं मला फार काही नव्हतं. शेडचं होतं. त्या शेडमध्ये माझी एक खुर्ची होती आणि तिच्या पाठीवर पांढऱ्या रंगात 'चिटणीस' असं लिहिलेलं होतं. घरी मी ज्या खुर्चीवर बसतो तिच्यावर इस्त्रीचे कपडे असतात, ते आधी उचलावे लागतात. बायको एकदा डबा द्यायला तलावावर आली होती. घरी गेल्यावर म्हणाली, "तिकडे तुम्ही हसता." आरोप नव्हता, आश्चर्य होतं. त्या शेडवाचून रविवारचं काय करायचं, हे मला खरोखर माहीत नव्हतं.

तेव्हा समितीने सर्व शक्ती पणाला लावून एकोणीस मासोळ्यांचा सांगाडा तयार केला. विस्तार दारापेक्षा मोठा झाल्याने तो शेडबाहेरच जोडावा लागला. फेकायला दोन माणसं लागत, एक काठी धरायला आणि एक काठी धरणाऱ्याला धरायला. पाण्यात तो पडला की बदकं उडून जात. पण बुडल्यावर जे दिसे ते पाहून डोळे भरून येत: एकोणीस मासोळ्या, एका दिशेने, एका तालात. एकही मागे नाही की पुढे नाही. इतकी शिस्त आमच्या सभेत कधी आली नव्हती.

शेवटच्या रविवारी साडेअकराला निरीक्षक आले. भला माणूस होता. बसायला माझीच खुर्ची दिली. डॉक्टरांनी काठी धरली, मी डॉक्टरांना धरलं, आणि सांगाडा पाण्यात गेला.

आणि बास आला.

सहा वर्षं ज्याच्यावर आम्ही अहवाल लिहिले तो हाच. काळपट हिरवा, मांडीएवढा. तो घोळक्याभोवती एक फेरी मारून आत घुसला आणि त्याने सातवी मासोळी तोंडात घेतली. डॉक्टरांनी हिसका दिला. माशाने ती शांतपणे थुंकली. मग अकरावी घेतली, तीही थुंकली. मग चौथी चावून पाहिली, तिची काकडीच्या रंगाची शेपटी तोडली, आणि ती घेऊन निघून गेला.

"दात अगदीच किरकोळ आहेत," डॉक्टर पुटपुटले.

निरीक्षकांनी सांगाडा वर ओढायला लावला. एकोणीसच्या एकोणीस मासोळ्या त्यांनी बोटांनी चाचपल्या.

"चिटणीस, गळ कुठंय?"

मी कपाटातून फाईल आणली. पाकीट तिच्यात होतं, सील शाबूत. वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: 'गळ. निर्णय प्रलंबित.' निरीक्षकांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"किती दिवस झाले याला?"

"दीड वर्ष."

त्यांनी पाकीट परत फाईलमध्ये ठेवलं. मग म्हणाले, "फाईल मात्र छान ठेवलीत हो." आयुष्यात एवढं कौतुक मला फारसं मिळालेलं नाही, म्हणून ते इथे नोंदवतो.

बाराला दहा मिनिटं कमी असताना दुसऱ्या टोकाकडून साडू पळत आला. हातातल्या बादलीत बास तडफडत होता, आणि त्याच्या ओठाच्या कडेला आमची काकडीच्या रंगाची शेपटी लोंबत होती. म्हणजे घोळका बघून तो आला आमच्याकडे, निराश होऊन गेला साडूकडे.

"तुमचंच काहीतरी दिसतंय तोंडात, म्हणून आणला," साडू म्हणाला. "घ्या. दाखवा यांना."

निरीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "हे सभासद आहेत का?"

"नाहीत," मी म्हणालो.

"मग करून घ्या ना. फॉर्मवर सही घ्या. मी तिकडे तोंड करून उभा राहतो."

आणि ते खरंच तोंड फिरवून उभे राहिले. डॉक्टरांनी पेन काढलं. पण नियमावलीचं कलम चार स्पष्ट आहे: अर्जाला एक सूचक आणि एक अनुमोदक हवा, आणि अर्ज पंधरा दिवस फलकावर लागलेला हवा. मी कलम मोठ्याने वाचून दाखवलं. पोटकलमांसह वाचलं.

"साडूभाऊ," साडू हळूच म्हणाला, "वाचा तुम्ही. पण तो गुदमरतोय. सोडू का?"

नियमाचं कारण खरं होतं. त्याहून खरं कारण हे की मला त्या क्षणी सासूबाईंचे हात दिसले. शेड धाकट्या जावयांनी वाचवली, असं त्या आयुष्यभर सांगणार होत्या, आणि या वेळी हात जवळ आणणार नव्हत्या. मी म्हणालो, "सोड." डॉक्टर "थांबा, थांबा" म्हणत चिमटा घेऊन पुढे आले, पण साडूने गळ बोटांनीच काढला होता. मासा पाण्यात गेला. बारा वाजले.

शेड गेली. आता तिथे होडीवाले बसतात, आणि लाइफ जॅकेट वाटणारी बाई माझ्या खुर्चीत बसते. पाठीवर अजून 'चिटणीस' आहे. तिने पुसलं नाही, हा तिचा चांगुलपणा.

पंधरा दिवसांनी साडूचा अर्ज मंजूर झाला. सूचक मी होतो. एवढं तरी मला करायलाच हवं होतं.

निरीक्षकांनी जाताना एक वाट दाखवली: तीस सभासदांच्या सह्यांचा अर्ज आणा, पुढच्या हंगामात शेडचा विचार करू. (दिवंगतांच्या सह्या चालणार नाहीत, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. हजेरीपट पाहिला असावा.) आम्ही सध्या सहा. चोवीस कुठून आणायचे, यावर समितीने तीन सभा घेतल्या. तिसऱ्या सभेत लक्षात आलं की आमचा सांगाडा कधी चुकलाच नव्हता. आम्ही तो उगाच पाण्यात टाकत होतो.

एका दोरीवर पुष्कळ हलत्या गोष्टी टांगायच्या. एक दंतवैद्य, एक साडू, बारा शेपट्यांचा प्राणी, सासूबाईंचे हात, थोडा लसूण. कोणाला काय आवडेल ते सांगता येत नाही. सगळं एका दिशेने, एका तालात ओढत राहायचं. बहुतेक नुसतं शोभेचं, गळ एकालाच. या वेळी उपसमिती नेमली नाही. पाकीट मी स्वतः फोडलं आणि गळ कुठे बसवायचा ते मीच ठरवलं.

पहिल्या मासोळीपासून इथपर्यंत तुम्ही मागे मागे आलात, याबद्दल मंडळ आभारी आहे. अर्ज सोबत आहे, सूचक आणि अनुमोदक आम्ही भरले आहेत, फक्त सही तुमची. मध्येच कुठेतरी तुम्ही हसलात तेव्हा तोंड उघडलं होतं, ते आता तसंच राहू द्या आणि डोकं अजिबात हलवू नका. डॉक्टरांनी चिमटा उकळून आणला आहे.