तळचा पत्ता

फोन मुलीचा, डॅरलाचा होता आणि तो बायकोने, व्हर्नाने उचलला होता, त्यामुळे डेल्मर हॉस्किन्सला अर्धंच संभाषण ऐकू येत होतं. अर्ध्या पुराव्यावर पूर्ण निष्कर्ष काढण्यात त्याची सगळी कारकीर्द गेली होती. तो पेपर वाचत असल्यासारखा बसून राहिला.

"मेकॅनिक? बरं... हो का, हात इतके चालतात? बघणाऱ्याला कळतच नाही म्हणतेस?" व्हर्ना हसली. मग तिने आवाज खाली आणला. "कूलर आणतोय? अगं, कशाला! ...बरं, पप्पांना नाही सांगत. एकदम टेबलावर बसल्यावरच कळू दे."

डेल्मरच्या हातातला पेपर खाली आला.

आमच्या स्पार्क्स गावात गाड्या दुरुस्त करणाऱ्याला मेकॅनिक म्हणतात आणि उन्हाळ्यात छपरावर बसवतात त्या यंत्राला कूलर म्हणतात. पण डेल्मर राहायला स्पार्क्समध्ये असला तरी त्याची उमेदीची सगळी वर्षं शेजारच्या रीनोत, एका जुगारघराच्या छतात गेली होती. छतात म्हणजे अक्षरशः छतात. कॅमेरे यायच्या आधीच्या काळात टेबलांच्या वर लाकडी फळ्यांची वाट असायची आणि तिच्यातून पोटावर सरपटत, एकतर्फी काचेतून खालचे हात बघणारी माणसं असायची. त्या फळ्यांवर मेकॅनिक याचा अर्थ एकच होता: वरचा पत्ता वाटतोय असं दाखवून तळचा पत्ता देणारा हातचलाख भामटा. आणि कूलर म्हणजे घरून लावून आणलेला पत्त्यांचा जोड, जो ऐन वेळी खऱ्या जोडाच्या जागी सरकवायचा. खेळातल्या पत्त्यांना माणसांच्या हातांची ऊब असते. हा बाहेरून आलेला, म्हणून थंड.

मेकॅनिक कूलर घेऊन येतोय, तो टेबलावर काढणार आहे, आणि पप्पांना सांगायचं नाही. याहून स्वच्छ कबुलीजबाब डेल्मरने आयुष्यात ऐकला नव्हता. आपल्या डोक्यावरचा, जेवणाच्या टेबलाच्या बरोबर वर हवा सोडणारा कूलर गेल्या उन्हाळ्यापासून बंद पडलाय, आणि आपण या क्षणी त्याच्याच जाळीखाली घाम पुसतोय, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. जाणकार माणसाचं असं होतं.

"रविवारी डॅरला त्याला जेवायला आणतेय," व्हर्ना फोन ठेवून म्हणाली. "कर्टिस नाव आहे. आणि डेल, नीट ऐक. या वेळी काही बोलायचं नाही."

"मी कधी बोलतो?"

"तो दंतवैद्य आठवतो? रंगीत चष्मा होता म्हणून तू त्याला खुणा केलेले पत्ते वाचतोस का असं विचारलंस."

"रंगीत होता ना पण?"

"उन्हाचा होता! आणि तो शाळामास्तर कान खाजवायचा, तर कोणाला इशारा करतोस म्हणालास. पोरगी सांगतेय, आता हा गेला तर तीही परत या घरात येणार नाही. आणि ती तुझी मुलगी आहे. म्हणाली तसं करेल."

एवढं बोलून व्हर्नाने दोन्ही हातांची हलकी टाळी वाजवली, तळवे उलटेसुलटे करून हवेत दाखवले आणि ती स्वयंपाकघरात गेली. ती लग्नाआधी त्याच जुगारघरात पत्ते वाटायची. टेबल सोडताना डीलरने असे हात झटकून दाखवायचे असतात, म्हणजे बोटांत काही चिकटलेलं नाही हे वरच्याला दिसतं. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. चर्चमधून निघताना, भाजी चिरून झाल्यावर, एवढंच काय, तान्ह्या डॅरलाला पहिल्यांदा पाळण्यात ठेवल्यावरही व्हर्नाने टाळी वाजवून तळवे दाखवले होते.

डेल्मरने तिला निवडलं होतं तेही वरूनच. त्या काचेतून माणसांचे चेहरे दिसत नसत. हात दिसत आणि भांग दिसे. सरळ भांगाखालचे ते दोन हात त्याने कित्येक महिने पाहिले होते. रीनोत यांच्याइतके स्वच्छ हात नाहीत, असा त्याचा व्यावसायिक निर्वाळा होता. मग तो एकदा जिना उतरून खाली आला आणि त्या हातांना त्याने कॉफीला येता का म्हणून विचारलं. त्यांना चेहराही आहे आणि तो बरा आहे, हे त्याला नंतर कळलं.

आता एकुलत्या एका मुलीला मेकॅनिकच्या हाती द्यायचं की तोंड उघडून तिला कायमचं घालवायचं? डेल्मरने मध्यम मार्ग काढला. त्याने मर्व्हला फोन केला.

मर्व्ह लिंडक्विस्ट फळ्यांवरचा त्याचा जुना जोडीदार. दोघांनी मिळून अनेकांना पकडलं होतं आणि दोघांच्याही गुडघ्यांची वाट लागली होती.

"बंद पडलेल्या कूलरची जाळी टेबलाच्या बरोबर वर आहे," डेल्मर कुजबुजला. "तू माळ्यावर पडून फक्त हात बघायचे."

"जुलैत? माळ्यावर? लेका, मी शिजेन."

"थंड पाणी देतो. ओला टॉवेल देतो. पुरावा हाती आला की मी पोरीला एकटीला दाखवीन, म्हणजे बोभाटा नाही. स्वच्छ असेल तर एकदा ठोक, चोरी दिसली की दोनदा."

"जेवायला काय आहे?"

"भाजलेलं मांस, बटाट्याचं सॅलड, मका."

"वास वर येणार आणि मी टॉवेल चोखायचा," मर्व्ह म्हणाला. पण तो आला. निवृत्त माणसाला कोणी गरज आहे म्हटलं की तो कुठेही चढतो.

रविवारी दुपारी कर्टिस आला. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा, केस पाण्याने चापून बसवलेला. डेल्मरने हस्तांदोलनाच्या निमित्ताने त्याचा पंजा हातात घेतला आणि सोडलाच नाही. नखांच्या कडेला काळी रेघ होती. पत्त्यांना बेमालूम डाग लावायला भामटे नखात काळा लेप ठेवतात. तोही या पठ्ठ्याने आणला होता.

"साबणाने जात नाही, सर," कर्टिस लाजून म्हणाला. "कितीही घासा."

"चांगल्या मालाचा तोच गुण," डेल्मर म्हणाला.

डॅरलाने बापाकडे पाहिलं. "पप्पा, हात सोडा त्याचा. तो जेवणार कसा?"

जेवण झालं. त्या घरात जेवणानंतर, भांडी तशीच ठेवून, पोकर व्हायचा. पैशांऐवजी आगकाड्या लावायच्या आणि ज्याच्या काड्या आधी संपतील त्याने भांडी घासायची. पत्ते वाटायचा मान व्हर्नाचा. डेल्मर कधीच हरत नसे. इतकी वर्षं त्याने एक बशी घासली नव्हती, आणि याचं श्रेय तो आपल्या नजरेला देत असे.

व्हर्नाने पत्ते पिसले, कर्टिसने काटले, व्हर्नाने वाटले. डेल्मर जिंकला.

वरून दोन ठोके आले. ठक, ठक.

 डेल्मरने कर्टिसकडे रोखून पाहिलं. कर्टिस हरला होता, पण तो आधी हरणारच. चांगला मेकॅनिक सुरुवातीला हरून गिऱ्हाइकाला गोडी लावतो.

दुसरा डाव. डेल्मर पुन्हा जिंकला. ठक, ठक. या वेळी जरा जोरात.

"मांजर आहे का वर?" डॅरलाने विचारलं.

"लाकूड तापतं," डेल्मर म्हणाला. "कर्टिस, बाह्या वर कर जरा."

"सर, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आहे."

"पप्पा," डॅरला म्हणाली. तिचा आवाज एकदम सपाट झाला होता. "सुरू करू नका."

व्हर्नाने तिसरा डाव वाटला. शेवटचा पत्ता खाली टेकतो न टेकतो तोच वर ठक-ठक, ठक-ठक असा नुसता पाऊस पडला आणि जाळीतून डेल्मरच्या पत्त्यांवर घामाचा एक थेंबही पडला.

कर्टिसने मान वर केली. कानाने गाड्यांचे रोग ओळखणारा माणूस तो. "सर, हे लाकूड नाही. हवेच्या नळीत जनावर अडकलंय. मी बघून येतो, तसंही मला वर जायचंच होतं." तो ओशाळून डॅरलाकडे वळला. "सांगू का आता? तुमच्यासाठी कूलर आणलाय, सर. बाहेर ट्रकमध्ये आहे. जुना दुरुस्त केलाय, पण मोटर नवी घातलीय. डॅरला म्हणाली, जेवायला बसलात की तुमचं डोकं तापतं."

"कूलर," डेल्मर म्हणाला. "म्हणजे... वारा येतो तो?"

"दुसरा कुठला असतो, सर?"

"आणि तू मेकॅनिक. म्हणजे... गाड्यांचा?"

कोणी उत्तर द्यायच्या आत कर्टिस पडवीतल्या शिडीवरून वर पोचला होता. डेल्मर ओरडला, "थांब, नको!" पण तोवर माळ्याचं दार कुरकुरलं आणि अंधारात घामाने निथळणाऱ्या मर्व्हवर एकदम विजेरीचा झोत पडला. सगळी हयात दुसऱ्यांना पकडण्यात गेलेल्या माणसाला पकडलं जायची सवय नसते. मर्व्ह धडपडत उठला, त्याचा पाय वाशावरून घसरला आणि छत फाटलं.

टेबलाच्या बरोबर वर, मांसाच्या उरलेल्या तुकड्यापासून हातभर अंतरावर, मांडीपर्यंतचा एक पाय लोंबकळू लागला. पत्त्यांवर, सॅलडवर, डेल्मरच्या टकलावर पांढरा चुना पसरला.

व्हर्नाने बुटाकडे शांतपणे पाहिलं. टाच बाहेरून झिजलेली होती.

"मर्व्ह," ती म्हणाली, "जेवलायस का?"

"नाही," छत म्हणालं.

 कर्टिसने ट्रकमधून करवत आणि गाडी उचलायचा जॅक आणला, टेबलावर लाकडाचा ठोकळा ठेवून त्यावर जॅक लावला आणि मर्व्हचा पाय इंचाइंचाने असा वर सरकवला की एक ओरखडा आला नाही. त्या नखांतलं काळं ग्रीस डेल्मर अगदी जवळून बघत होता. हात खरंच चलाख होते.

डॅरलाने बापाची जबानी उभ्यानेच घेतली. मेकॅनिक, कूलर, नखातला लेप, सगळं ऐकून घेतलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुम्हाला माणूस दिसतच नाही, पप्पा," ती म्हणाली. "तुम्हाला नुसते हात दिसतात." आणि तिने ट्रकच्या किल्ल्या उचलल्या.

"डाव अर्धा आहे," व्हर्ना म्हणाली. "मर्व्हला जेवू दे. डाव पुरा करा, मग जायचं तर जा. भांडी पडलीत."

डॅरला किल्ल्या मुठीत धरून, दाराकडच्या खुर्चीत टेकली. डेल्मरने मर्व्हची बशी भरायच्या निमित्ताने त्याला स्वयंपाकघरात ओढलं.

"गाढवा, पोरगा स्वच्छ आहे! दोन-दोनदा काय ठोकत होतास?"

मर्व्हने मक्याचं कणीस तोंडातून काढलं. "तळातून येत होते."

"काय?"

"पत्ते. तळातून. काय हात आहे! आपण दोघांनी पकडले त्यांच्यात एकाचा असा नव्हता. मी वरून, नेमक्या कोनातून पाहिलं म्हणून दिसलं. समोरून देवालाही कळलं नसतं."

"कर्टिस तर फक्त काटत होता."

"कर्टिस असं कोण म्हणालं?" मर्व्ह म्हणाला. "व्हर्ना."

डेल्मर ओट्याला टेकला. "आणि कोणाला देत होती?"

मर्व्हने त्याच्याकडे दयेने पाहिलं. "तुला, लेका."

डीलर आपल्या माणसाला मुद्दाम जिंकवतो, त्याला जुगारघरात टेबल सांडणं म्हणत, आणि ज्याच्या ओंजळीत ते सांडायचं त्याला एजंट. अशा किती जोड्या डेल्मरने पोलिसांच्या हवाली केल्या होत्या. प्रत्येक एजंट म्हणायचा की मला काही ठाऊक नव्हतं, आणि डेल्मर प्रत्येकाला हसला होता. आज त्याला हिशेब उलटा लागत होता. सांडून व्हर्नाला काय मिळालं? तो जिंकायचा, पोरीच्या आणि तिच्या काड्या संपायच्या, आणि बहुतेक रविवारी भांडी व्हर्नाच घासायची. असा भामटा त्याला कधी भेटला नव्हता, त्यामुळे त्याला नावही ठाऊक नव्हतं.

तो टेबलाशी परतला. पत्त्यांवर चुन्याचा थर तसाच होता. त्याने आपले पाच फुंकून उचलले. चार राण्या. हे त्याचं नशीब, ही त्याची नजर.

मग त्याने समोर पाहिलं. हातांकडे नाही, भांगाकडे नाही. व्हर्नाच्या भुवईवर चुना होता आणि ती त्याच्याकडेच बघत होती. किती वर्षं बघत असेल, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

"तुझी बोली, डेल."

डेल्मरने सगळ्या काड्या पुढे ढकलल्या. कर्टिसने डॅरलाकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि आपल्या काड्या पुढे केल्या. "सत्त्यांची जोडी, सर. एवढंच आहे."

"माझ्याकडे काहीच नाही," डेल्मर म्हणाला आणि चार राण्या न दाखवता, पालथ्याच, टाकलेल्या पत्त्यांत मिसळल्या.



"पप्पा," डॅरला म्हणाली. "तुम्ही हरलात?"

"हात चांगला आहे त्याचा."

तिने बापाकडे पाहिलं, मग आईकडे, मग छतातल्या भोकाकडे. मग किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "कर्टिस, कूलर उतरव. भोक आहेच, वाराही जास्त येईल."

ती दोघं बाहेर गेली. डेल्मरने बाह्या सरसावल्या आणि तो मोरीशी उभा राहिला. व्हर्ना टॉवेल घेऊन शेजारी आली.

"चार राण्या होत्या तुझ्या हातात," ती हळूच म्हणाली.

"तुला कसं ठाऊक?"

 डेल्मरने शेवटची बशी विसळून तिच्याकडे दिली. मग साबणाचे ओले हात वर करून टाळी वाजवली, तळवे उलटेसुलटे केले आणि दारातून दिसणाऱ्या त्या भोकाकडे धरले. फेस व्हर्नाच्या केसांवर उडाला.

व्हर्नाने बशी उजेडात धरून पाहिली, तिच्यावरच्या तेलकट थरावरून अंगठा फिरवला आणि ती परत पाण्यात टाकली.

"म्हणून मी तुला हरू देत नव्हते," ती म्हणाली.