शिरसाट सरांचा तुटक रेघांचा गोल

आमचे शिरसाट सर स्वतःच्या रिकाम्या घराची बेल वाजवतात. किल्ली खिशात असते, घरात दुसरं कुणी नसतं, तरी रोज संध्याकाळी आधी बेल, मग जरा थांबणं आणि मग कुलूप. मी समोरच राहतो. एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "पद्धत हाय ती. तुम्हाला नाय कळायची."

चिकलठाण्याच्या कंपनीतही ते माझे वरिष्ठ. सॉफ्टवेअर लिहिण्याआधी त्याचा आराखडा काढायचा, हे त्यांचं काम. फळ्यावर आधी तुटक रेघांचा एक गोल. गोलात साच्याचं, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या मांडणीचं, नाव. गोलातून बाहेर रेघा, रेघेवर भूमिका आणि टोकाला ती निभावणारा. "साचा एकदा जमला की कुठंबी लावा. आधी भूमिका, मग माणूस!" बँकेच्या कामातला साचा ते दवाखान्याच्या कामाला लावतात आणि तो बसतो, हे कबूल केलं पाहिजे. पण सर तिथं थांबतील तर ना! शहागंजात चपला घेताना त्यांनी खोक्यावर गोल काढला आणि गिऱ्हाईक ही नुसती एक भूमिका असते, हे दुकानदाराला समजावलं. त्यानं शांतपणे विचारलं, "साब, भूमिका को कौनसा नंबर लगता?"

मग सरांची नजर आमच्या इमारतीच्या नळावर पडली. आमच्याकडे पाणी काही दिवसांआड, तेही लहर लागेल तेव्हा येतं. सरांनी जिन्याखालच्या भिंतीवर खडूनं गोल काढला आणि आत लिहिलं, 'खबर'. देणाऱ्या तळमजल्यावरच्या कदम काकू, घेणारे आम्ही सगळे. काकूंचा आवाज हर्सूलपर्यंत जाईल असा. त्यांनी "पाणी आलं हो!" म्हटलं की सगळ्या मजल्यांवर बादल्या वाजायच्या. साचा झकास चालला.

आणि काकू भावाकडे खुलताबादला गेल्या. पाणी आलं, गेलं, कुणाला पत्ता नाही. बिनआंघोळीची इमारत सरांवर तुटून पडली. सर शांत. "साचा बरोबर हाय. भूमिका रिकामी राहिली, एवढंच." त्यांनी काकूंचं नाव पुसून तिथं माझं लिहिलं.

काकू परतल्या, भिंत पाहिली आणि हातातली पिशवीही न ठेवता कडाडल्या, "माझ्या जागी कुणीबी चालतंय व्हय, सर?"

"चालतंय की, भूमिका..." सर म्हणाले आणि मधेच थांबले. "नाय चालत, काकू. आमची ही दार उघडायची. ती गेली तरी बेल वाजवतो मी. पण दार उघडणाऱ्याच्या जागी कुणाचं नाव घालावं, ते काय सुचत नाय."

काकू काही रडणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी सरांच्या हातातला खडू घेतला, माझं नाव पुसलं आणि आपलं पुन्हा लिहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं कामावरून परतलो. सरांचा पाय पहिल्या पायरीवर पडतो न पडतो तोच मागून आरोळी आली, "शिरसाट सर आले हो!"

वर धडाधड दारं उघडली. निम्मे लोक सवयीनं बादल्या घेऊनच बाहेर आले होते.

"व्हय, आलो," सर म्हणाले.

आपल्या दाराशी जाऊन त्यांनी बेल वाजवलीच. मग थांबले आणि मागे वळून पाहिलं. आमची सगळ्यांची दारं अजून उघडीच होती.