वर कसं हाय?

भोरच्या बाजारपेठेत भर दुपारी, चटके बसणाऱ्या उन्हात, डोक्यावर ताडपत्रीची खोळ घेऊन आणि पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून एखादा माणूस नसलेली डबकी चुकवत चाललेला दिसला, तर दचकू नका. ते आमचे ज्ञानूमामा. आमचे म्हणजे नात्यातले नव्हेत. आमच्या खालच्या दोन खोल्यांत राहतात आणि माझ्या डोक्याचा भुगा करतात, एवढंच नातं.

मुख्य म्हणजे त्यांना "मामा, पाऊस कुठाय?" असं विचारू नका. मी विचारलं होतं. त्यांनी खोळीच्या आतून माझ्याकडे असं पाहिलं, की क्षणभर मलाच वाटलं आपण भिजतोय. "सकाळपासनं धरलंय न्हवं," ते म्हणाले. मी आभाळाकडे पाहिलं. स्वच्छ होतं. मामांकडे पाहिलं. खोळ होती. पुन्हा आभाळाकडे पाहिलं आणि कामावर निघून गेलो. त्या दिवशी पतसंस्थेत येईल त्या खातेदाराला मी छत्री आणलीय का, असं विचारत होतो.

उलगडा व्हायला बरेच दिवस लागले, आणि झाला तोही अर्धाच. मामा घाटाकडच्या हिर्डोशीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतले. राहतात भोरला, पण हवामान वाडीचं वापरतात. तिकडे झड लागली की इकडे ह्यांची खोळ निघते. तिकडे धुकं उतरलं की हे दुपारच्या जेवणानंतर स्वेटर घालून, कानटोपी ओढून ओट्यावर हात चोळत बसतात. समोरचा बनियनवर पंखा शोधत असतो आणि मामा त्याला म्हणतात, "लई गारठा सुटलाय, दार लावून घ्या."

धंदाही त्याच पंचांगावर. मामा पुढच्या खोलीत दुकान मांडून ताडपत्र्या शिवतात. ट्रकच्या, मांडवाच्या, गवताच्या गंजीवर घालायच्या. हात असा, की त्यांनी शिवलेल्या ताडपत्रीतून थेंब आत यायची हिंमत करत नाही. पण एकदा कामथडीचा एक शेतकरी टेम्पोत कांदा भरून आला. बाहेर धो धो पाऊस, ताडपत्री मधोमध फाटलेली, माणूस नखशिखान्त भिजलेला. मामा शांतपणे सुपारी कातरत होते.

"मामा, लौकर टाका मारा, कांदा भिजतोय."

"एवडी काय घाई? आज उगडलंय की."

त्या शेतकऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, ती होकाराची होती की नकाराची, हे मलाही माहीत नाही. शेवटी मामांनी टाके मारले, पण तोंडाने चालूच होतं, "बगा हां, ऊन पडलंय म्हणून निवांत शिवतोय."

ह्याचा त्रास आमच्या घराला झाला नसता तर मी काही बोललो नसतो. पण आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आभाळ दिसत नाही, मामा दिसतात. बायकोला सवय लागली. मामांच्या डोक्यावर खोळ दिसली की ती धावत जाऊन दोरीवरचे कपडे काढायची. ह्या उन्हाळ्यात वाडीकडे वळवाचा जोर होता, तर आमच्या कुरडया घरात सुकता सुकता आंबल्या. "तुम्ही त्यांना सांगा काहीतरी," ती म्हणाली. मी सांगायला खाली गेलो आणि येताना स्वेटर घालून आलो. कसं झालं ते विचारू नका.

बरं, वाडीचं हवामान मामांना कळायचं कुठून? तर संध्याकाळच्या एसटीकडून. काहीही झालं तरी त्या वेळेला मामा स्टँडवर हजर. तिकडची गाडी लागली की आधी चाकाचा चिखल बोटाने बघणार, मग कंडक्टर मुलाणींना विचारणार, "वर कसं हाय?" मुलाणी भोरचेच, अनेक वर्षं त्या रस्त्यावर. ते खिडकीतून सांगणार, "झड हाय," किंवा, "उगडलंय," किंवा, "वारं लई हाय." बास. मामा मान हलवून परत फिरणार आणि उद्याचे कपडे काढून ठेवणार.

ह्या श्रावणात रस्त्यावर दरड आली आणि तिकडची गाडी बंद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरलो, तर मामा उंबऱ्यात बसलेले. एका मांडीवर खोळ, दुसऱ्या मांडीवर धुवट सदरा. अंगात काहीच नाही.

"काय झालं मामा?"

"काय घालावं कळंना झालंय."

मी म्हटलं, एवढंच ना? मोबाईल काढला, हवामान उघडलं, त्यांच्यासमोर धरलं. "हे बघा, तिकडे पाऊस दाखवतोय."

मामांनी मोबाईलकडे बघितलंही नाही. "त्याला काय ठावं? त्यो काय तितं हुबा हाय?"

दुकान बंद राहिलं. माणसं ताडपत्र्या दाराशी टाकून शिव्या घालत गेली. मामा जेवत नव्हते. बायकोने दिलेली भाकरी तशीच झाकलेली. संध्याकाळी मात्र स्टँडवर जायचे आणि गाडी जिथे लागते त्या रिकाम्या जागेसमोर उभे राहायचे. मला आता हसू येईना. माणूस पावसापायी असा खंगतो, हे काही माझ्या डोक्यात शिरेना.

मुलाणी मला चहाच्या गाड्यावर भेटले. मी म्हटलं, "अहो, त्यांना काहीतरी ठोकून द्या ना. झड आहे म्हणा. निदान कपडे तरी घालतील."

"मी कसं सांगू? मी सांगतच न्हवतो कदी," मुलाणी म्हणाले. "मामी सांगतात."

"कोण मामी?"

"त्यांची मालकीण. रोज गाडीच्या टायमाला फाट्यावर येऊन हुबी ऱ्हाती. मी म्हणायचं, मामांनी इचारलंय, वर कसं हाय. ती सांगती, मी हितं आणून देतो. आता दरडीपलीकडं ती एकटी. कशी हाय, कुणाला ठावं?"

मग मुलाणींकडून सगळंच कळलं. मामांनी ह्या दोन खोल्या घेतल्या, शेगडी आणली आणि मामींना म्हणाले, चल खाली. मामी म्हणाल्या, माझी खाचरं आन् म्हस कोण बघंल? शब्दाला शब्द लागला. मामा म्हणाले, तू बोलावल्याबिगर मी वर येणार न्हाई. मामी म्हणाल्या, मग ऱ्हावा तितंच. गेल्या दसऱ्यापासून दोघांचं बोलणं बंद.

"फोन नाही का त्यांच्याकडे?"

"हाय की दोगांकडं. पर पयला कुणी करायचा?"

मी चहा तसाच ठेवून घरी आलो. वर्षभर मी ह्या माणसाच्या खोळीला हसत होतो, आणि ती तेवढीच एक गोष्ट होती जी त्याला बायकोबरोबर वाटून घेता येत होती.

दरड निघाली आणि गाडी सुरू झाली, त्या संध्याकाळी मीही स्टँडवर गेलो. भोरात लख्ख ऊन होतं. मामा खोळ घेऊन आले होते. काही कळत नाही म्हणून सदऱ्यावर स्वेटरही चढवला होता. गाडी लागली. मामा चाकाकडे वाकले, चिखल बघितला, आणि वर मान करून म्हणाले, "मुलाणी, वर कसं हाय?"

मुलाणींनी दाराकडे बोट केलं. दारातून एक बाई उतरली. हातात पिशवी, पदर खोचलेला, चेहऱ्यावर भांडायची सगळी तयारी.

"इतकं दिस झालं, कुणी इचाराया आलं न्हाई," ती म्हणाली. "म्हणलं आपुनच जाऊन सांगावं."

मामा चाकाशी वाकलेलेच राहिले. चिखलाकडे बघतच म्हणाले, "मग सांग की."

"उगडलंय."

मामांनी खोळ काढली. घडी घालून काखेत मारली. मामी म्हणाल्या, "आन् ह्यो स्वेटर कशाला?" मामांनी तोही काढला. "म्हस कुणाकडं ठिवली?" त्यांनी विचारलं. "जावंकडं," मामी म्हणाल्या. दोघं घराकडे निघाली, मी थोडं अंतर ठेवून मागे.

भोरात ज्याला चौपाटी म्हणतात त्या चौकाच्या अलीकडे श्रावणाने आपला खेळ केला. ऊन तसंच ठेवून सर आली. लोक दुकानांच्या आडोशाला पळाले. मी मात्र बघत राहिलो, कारण वाडीत उघडलेलं होतं आणि त्या हिशेबाने मामांनी भिजत, निवांत, कोरड्या माणसासारखं चालायला हवं होतं.

मामा थांबले. काखेतली खोळ काढली, झटकली आणि मामींच्या डोक्यावर नीट बसवली.

मला राहवलं नाही. जवळ जाऊन म्हटलं, "मामा, वर तर उघडलंय ना?"

मामांच्या नाकावरून पाणी निथळत होतं. ते माझ्याकडे असे बघत होते, की वेडा मीच.

"वर आता हाय कोण?" ते म्हणाले.