सवड समितीची बावन्नावी सभा

माणसाच्या आयुष्यातल्या प्रत्येक आनंदाला सवड लागते, आणि सवड काढायला वेळ लागतो. हे सत्य एकदा पक्कं समजलं की पुढचं सगळं सोपं आहे. आपण एकेक पायरी चढत सावकाश जाऊ. मी छत्तीस वर्षं मुलांना गणित शिकवलंय, त्यामुळे मला घाई नाही.

आमच्या तलावावर होडी हाकायला योग्य ऋतू एकच, हिवाळा. उन्हाळ्यात वारा नसतो आणि पावसाळ्यात नको तितका असतो. हिवाळ्यात मात्र सकाळी नऊला धुकं उठतं, धक्क्याकडून तलावाकडे एकसारखा वारा सुटतो आणि बरोबर अकराला मान टाकतो. म्हणजे रोजचे दोन तास. हिवाळ्याच्या सोळा आठवड्यांत एकशे बारा सकाळी येतात, म्हणजे एकूण दोनशे चोवीस तास. त्यातून आम्हाला हवे होते दोन. हे उदाहरण मी चौथीच्या वर्गाला घातलं असतं तर मुलांनी मला वेड्यात काढलं असतं. मोठ्या माणसांना त्यासाठी समिती नेमावी लागते.

सदर समिती चार हिवाळ्यांपूर्वी नेमली गेली. होडी चौघांच्या मालकीची, म्हणून सभासद चार. दाताच्या डॉक्टरीणबाई अध्यक्ष झाल्या, कारण त्या बोलतात तेव्हा समोरच्याला तोंड उघडं ठेवून गप्प बसायची सवय असते. माझे मेहुणे विमा कचेरीत आहेत. ते संभाव्य धोके बघतात. घड्याळजी वेळेकडे लक्ष ठेवतात. (त्यांच्या दुकानात एकशे नऊ घड्याळं आहेत आणि नऊचे ठोके पडायला अकरा मिनिटं लागतात.) अक्षर बरं असल्यामुळे इतिवृत्त माझ्याकडे आलं.

समितीचं काम शास्त्रशुद्ध पद्धतीनं चालतं. पहिल्या हिवाळ्यात प्रत्येकानं आपल्या आठवड्याचा तक्ता करून आणला. आठवड्यात तास एकशे अडुसष्ट असतात. डॉक्टरीणबाईंचे एकशे सत्तर भरले. घड्याळजींचे एकशे सदुसष्ट आणि त्रेपन्न मिनिटं; उरलेली सात मिनिटं त्यांनी तक्ता करण्यात घालवली. मेहुण्यांचे एकशे एक्क्याऐंशी भरले, तेव्हा त्यांनी लेखी खुलासा दिला की जेवताना ते पेपर वाचतात आणि झोपेत काळजी करतात, त्यामुळे ते तास दुहेरी धरावेत. समितीनं ते धरले.

तक्ते शेजारी शेजारी मांडून आम्ही आठ रविवार शोध घेतला आणि अखेर यश आलं. चौघांनाही एकाच वेळी मोकळीक असते अशी आठवड्यातली एकच जागा सापडली: रविवारी सकाळी नऊ ते अकरा. ती आम्ही ताबडतोब सभेसाठी राखून ठेवली.

आता माझ्या नातीविषयी सांगायला हवं. पहिल्या हिवाळ्यात ती सहा वर्षांची होती आणि तिला होडी हाकायला शिकवण्याचा शब्द मी दिला होता. तिच्यासाठी नारिंगी रंगाचं छोटं लाइफ जॅकेटही आणलं. मी दिलेला शब्द मोडत नाही, त्यामुळे शिक्षण त्याच संध्याकाळी सुरू झालं. खुर्चीच्या पायाला ती सात प्रकारच्या गाठी मारायला शिकली. जेवणाच्या टेबलावर साबणाची डबी ठेवून, टेबलफॅन लावून, वारा समोरून असला तर होडी तिरकी तिरकी कशी न्यायची हे शिकली. तीन लेखी परीक्षा झाल्या, तिन्हीत तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले. पाण्याचा तेवढा भाग राहिला होता.

मध्यंतरी एकदा तिनं विचारलं, "आजोबा, रविवारी नऊला सगळे मोकळे असता ना? मग तेव्हाच जाऊ या की."

"बाळा, तेव्हा सभा असते," मी म्हणालो. शंका विचारणाऱ्या मुलांना मी कधी रागावत नाही.

या हिवाळ्यात ते जॅकेट तिच्या बरगड्यांपर्यंतच येऊ लागलं. आणि हिवाळा संपायला तीन आठवडे असताना तिच्या वडिलांच्या बदलीचा हुकूम आला. गाव दूरचं, तलाव नसलेलं. जायचं पंधरा दिवसांत. म्हणजे रविवार उरले दोन. ही बाब मी समितीपुढे लेखी मांडली. समितीनं तिची गंभीर दखल घेतली आणि बावन्नाव्या सभेला नातीला विशेष निमंत्रित म्हणून बोलावलं.

सभा होडीत भरते. आधी ती डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात भरायची, पण रविवारीसुद्धा कुणी ना कुणी गाल धरून यायचंच. होडीत तो त्रास नाही. बसायला फळ्या आहेत आणि मोबाइल लागत नाही. सकाळी थंडी वाजते म्हणून सभासद लाइफ जॅकेट घालून बसतात. कोवळं ऊन डोळ्यांवर येतं म्हणून शीड चढवून सावली केलेली असते. सुकाणूही लावलेलं असतं, कारण त्याच्या दांड्याला थर्मास छान अडकवता येतो. थोडक्यात, बैठकीची व्यवस्था चोख असते.

त्या रविवारी नऊ वाजून पाच मिनिटांनी कामकाज सुरू झालं. मागील इतिवृत्त कायम करण्यात आलं. विषय क्रमांक दोन आणि तीन पुढे ढकलण्यात आले. विषय क्रमांक चार होता: 'सवड' या शब्दाची व्याख्या.

"सवड म्हणजे ज्या वेळात दुसरं काही काम नाही असा वेळ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पण होडी हाकणं हेच काम आहे ना?" मेहुणे म्हणाले. "म्हणजे होडीत बसलो की सवड संपली. मग आपण काढली काय?"

"मेहुणे, मुद्दा बिनतोड आहे तुमचा," मला म्हणावंच लागलं.

"तासभर तरी चर्चा हवी यावर," घड्याळजी म्हणाले आणि त्यांनी मनगटावर नजर टाकली.

नात सुकाणूपाशी थर्मास सांभाळत बसली होती. धक्क्याला होडी ज्या गाठीनं बांधतात ती गाठही तिथंच तिच्या हाताशी होती. आता शिक्षकी पेशातलं एक निरीक्षण नोंदवतो. मुलांना गाठ मारायला शिकवलं की सोडायला वेगळं शिकवावं लागत नाही.

पुढची अकरा मिनिटं चर्चा अत्यंत उच्च पातळीवर झाली. मेहुण्यांनी व्याख्येत तीन पोटकलमं सुचवली. त्यातलं दुसरं वाचताना ते थांबले.

"धक्का कुठं गेला?"

"विषयाला धरून बोला," अध्यक्ष म्हणाल्या.

"बाई, धक्का नाहीये!"

आम्ही मागं पाहिलं. धक्का होता, पण काडेपेटीएवढा. त्यावर रोज मासे धरत बसणारे एक म्हातारबुवा उभे राहून टोपी हलवत होते. (चार हिवाळ्यांत ते उभे राहिल्याची ही पहिलीच नोंद.) शीड पोट फुगवून बसलं होतं, होडी एका कुशीवर कलली होती आणि नाकाशी पाणी खळाळत होतं.

"कुणाच्या परवानगीनं?" मेहुण्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. पण तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला आणि त्यांच्या मांडीवरची पोटकलमं उडाली. पाठोपाठ माझ्या हातातलं बाड सुटलं. चार हिवाळ्यांची इतिवृत्तं एकामागोमाग एक हवेत चढली, वळली आणि पाणकोंबड्यांच्या थव्यात जाऊन बसली. पाणकोंबड्यांनी ती कायम केली की नाही ते कळलं नाही.

तेव्हा डॉक्टरीणबाई हसल्या. आधी ओठ मिटून, मग न राहवून. आयुष्यभर इतरांची तोंडं उघडायला लावणाऱ्या या बाईंचं तोंड मी पहिल्यांदाच पूर्ण उघडं पाहिलं. मागची एक दाढ भरायला झाली आहे. घड्याळजी फळीवर आडवे होऊन पाण्यात हात बुडवत ओरडत होते, "अहो, गार आहे! अहो, केवढं गार आहे!" आणि हा शोध दर मिनिटाला नव्यानं लावत होते. घड्याळ त्यांच्या त्याच हातात होतं.

"आजोबा, वळू का?" नातीनं विचारलं. जॅकेट बरगड्यांवर, केस तोंडावर, दोन्ही हात सुकाणूच्या दांड्यावर.

"साबणाची डबी आठवते ना?" मी म्हणालो.

"डबी काय आजोबा, ही केवढी ओढतेय! सगळ्यांनी डोकी खाली!"

होडी वळताना शिडाचा आडवा बांबू इकडून तिकडे जातो, तेव्हा डोकी खाली घालायची असतात. चौघांनी घातली. सूचना मांडली जाणं आणि एकमतानं मंजूर होणं यांत एक सेकंदही गेला नाही. अशा एकवीस सूचना तिनं त्या सकाळी मंजूर करून घेतल्या. परतीला वारा समोरून होता. तिरकं, मग वळून पुन्हा तिरकं, असं करत तिनं होडी धक्क्याकडे आणली. मधे मेहुणे गाऊ लागले. ते गातात हे त्यांच्या सख्ख्या बहिणीला, म्हणजे माझ्या पत्नीलाही, ठाऊक नव्हतं. त्याचं कारण गाणं ऐकल्यावर समजलं, पण कुणी थांबवलं नाही. दुसरं कडवं त्यांनी तीनदा म्हटलं.

अकराला दहा मिनिटं कमी असताना होडी धक्क्याला लागली. सगळे ओले, लाल आणि थोडे वेडे दिसत होते. मग अध्यक्षांनी रुमालानं तोंड पुसलं, आणि समितीचं भान परत आलं.

प्रश्न असा होता की झालेल्या प्रकाराचं करायचं काय. ठराव नाही, सूचक नाही, अनुमोदक नाही. सवडीची व्याख्या अपुरी असल्यामुळे हा वेळ सवडीत बसतो की नाही तेही सांगता येत नव्हतं. साधकबाधक चर्चेनंतर असं ठरलं: (एक) सदर सहल झाली असं मानू नये. (दोन) तिच्यात सभेचा जवळजवळ दीड तास बुडाला. (तीन) तो भरून काढण्यासाठी पुढच्या रविवारी सकाळी नऊ ते अकरा याच जागी सभा घ्यावी. नातीचा इथला तो शेवटचा रविवार असल्यानं तिला पुन्हा निमंत्रित करावं.

"मग मी हाकली ते काय होतं?" नातीनं विचारलं.

 डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कोरा कागद मागून घेतला, कारण जुने सगळे पाण्यात होते, आणि 'आयत्या वेळचे विषय' या सदराखाली लिहिलं: 'विशेष निमंत्रितांनी होडी उत्तम हाकली.' मेहुणे म्हणाले, "'अत्युत्तम' करा." दुरुस्ती मान्य झाली.

होडी बांधायचं काम निमंत्रितांकडेच दिलं. बांधून झाल्यावर शिक्षक या नात्यानं मी गाठ तपासली. शिकवलेल्या सातांपैकी ती एकही नव्हती. बाहेरून भक्कम दिसणारी, पण एका झटक्यात सुटणारी होती. चूक दाखवून देणं माझं कर्तव्य होतं. मी पैकीच्या पैकी गुण दिले. घड्याळजींनीही ती गाठ पाहिली. "अगदी घट्ट आहे," ते म्हणाले आणि घड्याळ कानाशी नेऊन हलवून पाहू लागले. ते दहा वाजून पाच मिनिटांवर बंद पडलं होतं.

आता वाचकांसाठी छोटासा गृहपाठ. हा मजकूर वाचायला तुम्हाला सातआठ मिनिटं लागली. ती कुठून काढलीत, ते वेगळ्या कागदावर लिहा. उत्तर येत नसेल तर लाजू नका, रविवारी नऊला धक्क्यावर या, तुमच्यासाठी उपसमिती नेमू. फक्त येण्यापूर्वी घरात एक फेरी मारा, आणि तुम्ही शब्द देऊन आणलेलं जॅकेट कुणाला आखूड होऊ लागलंय, तेवढं बघून या.